ट्रक अपघातातील दुखापत : शेतकऱ्याने नुकसानभरपाई कशी मागावी?

शेती आता रस्त्याशी जोडली गेली आहे. पहाटे दूध संकलन केंद्रावर, रात्री बाजार समितीत आणि गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर शेतकऱ्याला जावेच लागते. त्याच रस्त्यावरून उसाचे, वाळूचे, सिमेंटचे आणि कांद्याचे ट्रक धावत असतात. दुचाकीवरील किंवा बैलगाडीवरील शेतकऱ्याला ट्रकची धडक बसली, तर मार बहुधा शेतकऱ्यालाच लागतो. हाड जुळते, टाके सुकतात, पण पूर्वीसारखे काम होत नाही. रब्बीची पेरणी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते, दुभती जनावरे विकावी लागतात आणि दवाखान्याच्या खर्चासाठी हातउसने घ्यावे लागतात.

अशा वेळी कायद्याने नुकसानभरपाई मिळते, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. प्रत्यक्षात मात्र शेतकऱ्याच्या पदरात बरेचदा कमी रक्कम पडते. नोकरदाराजवळ पगारपत्रक असते, तसा आपल्या कष्टाचा कागद शेतकऱ्याजवळ नसतो, हे त्याचे मोठे कारण आहे. हा कागद कसा तयार करावा आणि दावा कसा मांडावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

भरपाई कोण देतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. या कायद्यात २०१९ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी अपघात भरपाईविषयीच्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या. सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. ट्रकने धडक दिलेला शेतकरी हा असा त्रयस्थ असतो.

भरपाईचा दावा तिघांविरुद्ध करावा : ट्रकचा चालक, ट्रकचा नोंदणीकृत मालक व विमा कंपनी. चालक मालकाच्या कामावर असल्याने त्याच्या हयगयीची जबाबदारी मालकावर येते आणि विमा असल्यास रक्कम विमा कंपनी भरते. "ट्रक मी केव्हाच विकला" असे मालक सांगत असला, तरी परिवहन कार्यालयात ज्याच्या नावावर ट्रक आहे त्याला दाव्यात सामील करावेच.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे चालतो. जिल्हा न्यायालयातील न्यायाधीशच त्याचे काम पाहतात. अपघात जेथे झाला, जखमी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला पुणे-नाशिक रस्त्यावर अपघात झाला, तरी तो सोलापूरला दावा दाखल करू शकतो.

पहिले आठ दिवस महत्त्वाचे

पिकाचे पंचनामे वेळेत झाले नाहीत तर पुढे काहीच सिद्ध होत नाही, हा आपला अनुभव आहे. अपघाताचेही तसेच आहे. जखमी दवाखान्यात असल्यामुळे पुढील कामे घरातील जाणत्या माणसाने करावीत.

१) ट्रकचा नंबर ताबडतोब लिहून घ्यावा. शक्य झाल्यास वाहने हलविण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावेत. त्यांत टायरच्या खुणा, रस्त्याची बाजू व दोन्ही वाहनांची स्थिती दिसावी. ट्रक पळून गेला असल्यास जवळचा पेट्रोल पंप, टोल नाका किंवा साखर कारखान्याचा वजनकाटा येथील कॅमेऱ्यातील चित्रण पोलिसांनी लवकर ताब्यात घ्यावे, अशी लेखी विनंती करावी. असे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते.

२) पोलीस ठाण्यात खबर द्यावी व प्रथम खबर अहवालाची प्रत मागून घ्यावी. ही प्रत विनामूल्य मिळते. घटनास्थळ पंचनाम्यात ट्रक कोणत्या बाजूला होता, दिवे होते की नाही, माल किती बाहेर आला होता, या बाबी आल्या आहेत का, ते पाहावे.

३) दवाखान्यात दाखल करतेवेळी "रस्ता अपघात, ट्रकची धडक" अशी नोंद करून घ्यावी. पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन काही जण "घरी पडलो" असे सांगतात. ही एक ओळ पुढे दाव्याच्या मुळावर येते.

४) मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाची रोखविरहित उपचार योजना लागू झाली आहे. तीत नेमून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. रुग्णालयात व पोलिसांकडे याची चौकशी करावी. जखमीला दवाखान्यात पोहोचविणाऱ्या वाटसरूला कायद्याने संरक्षण दिले आहे. गावकऱ्यांनी मदतीस कचरू नये.

५) प्रत्येक पावती, औषधाची चिठ्ठी, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड व दवाखान्यात जाण्या-येण्याच्या भाड्याची पावती एका पिशवीत तारीखवार ठेवावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या औषधाची पावती मान्य होण्यास अडचण येते.

पोलिसांवरही कायद्याने काही कामे सोपविली आहेत. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो. हे अहवाल वेळेत गेले का, याची चौकशी करण्याचा जखमीला अधिकार आहे. त्यांच्या प्रती मागून घ्याव्यात.

जागेवरच्या तडजोडीपासून सावध राहावे

अपघातानंतर दोन-चार दिवसांत मालकाकडून कोणी तरी येतो. दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवतो आणि "आमची काही तक्रार नाही" अशा मजकुराच्या मुद्रांकावर सही किंवा अंगठा घेतो. त्या वेळी घरात पैशाची नड असते आणि मोडलेला पाय पुढे किती साथ देणार, हे कोणालाच माहीत नसते. उपचार पूर्ण होऊन अपंगत्व ठरेपर्यंत असा कोणताही कागद करून देऊ नये. मालकाने उपचारासाठी मदत दिली तर "उपचारासाठी मिळाले" एवढीच पावती द्यावी.

दुसरी तडजोड कायद्यातीलच आहे व ती नीट समजून घ्यावी. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये व मृत्यूस पाच लाख रुपये मिळतात. विमा कंपनीचा अधिकारीही पोलिसांकडून माहिती मिळाल्यावर समझोत्याचा देकार देऊ शकतो. मात्र कलम १४९ च्या पद्धतीने कलम १६४ खालील रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. किरकोळ अस्थिभंग पूर्ण बरा होणार असेल, तर अडीच लाखांचा मार्ग सोयीचा ठरू शकतो. हात-पाय कायमचा अधू झाला असेल, तर वकिलाला दाखविल्याशिवाय सही करू नये.

मुदत

कलम १६६ खालील अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत संपली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशावर विसंबून राहणे योग्य नाही. सहा महिन्यांची मुदत पक्की धरून चालावे. उपचार चालू असतानाही अर्ज करता येतो, अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर हजर करता येते. शिवाय मंजूर रकमेवर व्याज सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्ज लवकर केलेला फायद्याचा असतो.

शेतकऱ्याचे उत्पन्न कसे सिद्ध करावे?

दाव्यातील सर्वांत नाजूक भाग हाच आहे. विमा कंपनीचा वकील एक ठरावीक मुद्दा मांडतो : "जमीन जागेवर आहे, विहीर जागेवर आहे, पीकही निघाले आहे, मग नुकसान कसले?" या मुद्द्यात काही तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका मयत शेतकऱ्याच्या वारसांच्या प्रकरणात म्हटले, की जमीन वारसांकडेच राहते. पण ती कसण्यासाठी व तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठी त्यांना माणसे लावावी लागू शकतात. तेव्हा शेताचे संपूर्ण उत्पन्न बुडाले असे सांगून दावा टिकत नाही. शेतकऱ्याच्या अंगमेहनतीचे व देखरेखीचे मोल किती, हे दाखवावे लागते.

कृषिविद्येच्या विद्यार्थ्यांना आम्ही पिकाचा उत्पादन खर्च काढावयास शिकवितो. त्यात बियाणे, खते, मजुरी यांबरोबर घरच्या माणसांच्या श्रमाचीही किंमत धरतात. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगदेखील कौटुंबिक मजुरी हिशेबात घेतो. अपघाताच्या दाव्यात नेमका हाच हिशेब कामी येतो. अपघातापूर्वी शेतकरी स्वतः करीत असलेल्या कामांची यादी करावी : पाळी देणे, फवारणी, ट्रॅक्टर चालविणे, धार काढणे, वैरण आणणे, रात्रीच्या विजेवर पाणी देणे, माल बाजारात नेणे, मजुरांवर देखरेख. प्रत्येक कामापुढे महिन्याचे अंदाजे दिवस व गावातील चालू मजुरी लिहावी. त्यानंतर अपघातानंतर हे काम कोण करतो व त्याला किती द्यावे लागते, हे मांडावे.

यासाठी पुढील कागद जमवावेत :

१) सातबारा, आठ-अ व पीक पाहणीची नोंद. ई-पीक पाहणीत पीक नोंदविले असल्यास अपघाताआधीच्या दोन-तीन वर्षांचे उतारे घ्यावेत.

२) बाजार समितीतील आडत्याच्या हिशेबपट्ट्या, साखर कारखान्याची ऊस बिले, हमीभाव केंद्राच्या पावत्या.

३) दूध संस्थेचे पासबुक किंवा दहा-पंधरा दिवसांची बिले. हा पुरावा फार मोलाचा आहे. अपघाताच्या महिन्यापासून दुधाचे लिटर कसे कमी झाले, हे त्यात सहज दिसते.

४) बँकेचे पासबुक, पीक कर्जाचा खाते उतारा, खत व औषधांची बिले.

५) अपघातानंतरची मजुरी वही. तारीख, मजुराचे नाव, काम, दिलेली रक्कम व मजुराची सही असे पाच रकाने आखावेत. जमेल तेथे मजुरी बँकेतून द्यावी. सालगडी ठेवावा लागला असल्यास तसा करार लिहून ठेवावा आणि त्याची साक्ष द्यावी.

६) जनावरे किंवा अवजारे विकावी लागली असल्यास विक्रीची पावती.

७) शेत वाट्याने किंवा खंडाने द्यावे लागले असल्यास त्याचा कागद.

जमीन नावावर नसलेल्या घरच्या माणसांनीही निराश होऊ नये. सातबारा सासऱ्याच्या किंवा पतीच्या नावावर असला, तरी खुरपणी, दूध आणि घरकाम करणाऱ्या महिलेच्या श्रमाला मोल आहे आणि तिला झालेल्या इजेसाठी तिचा स्वतःचा दावा होतो. तिच्या नावाने दुधाचे खाते असल्यास ते अवश्य दाखवावे.

कागदच नसेल तर दावा बुडतो असेही नाही. पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मासिक उत्पन्न ६,५०० रुपये धरले व कमाईच्या क्षमतेतील घट ८५ टक्के मानली. अशा व्यवसायातील माणसाकडून उत्पन्नाच्या लेखी पुराव्याची अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. मात्र कागदाअभावी न्यायाधिकरणाला अंदाज करावा लागतो आणि अंदाज बेताचाच असतो.

अपंगत्व : शरीराचे आणि कामाचे

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या एका निकालात जखमींच्या भरपाईची रीत स्पष्ट केली आहे. त्यानुसार तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात. पहिली, त्या अवयवाचे अपंगत्व. दुसरी, संपूर्ण शरीराच्या मानाने अपंगत्व. तिसरी, त्या माणसाच्या धंद्यात त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली. पायाचे ४५ टक्के अपंगत्व म्हणजे शरीराचे ४५ टक्के अपंगत्व नव्हे. त्याचबरोबर शरीराचे अपंगत्व कमी असले, तरी एखाद्याच्या कामाचे नुकसान त्याहून बरेच जास्त असू शकते. हात तुटलेला कारकून कदाचित नोकरीवर राहील, पण सुताराचा धंदा त्याच्यासोबत संपतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा आवर्जून मांडावा. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर उकिडवे बसून खुरपणी, काढणी व धार काढणे होत नाही. कंबरेला मार असेल तर पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप पेलत नाही. घोटा अधू असेल तर रात्री ओल्या बांधावरून चालणे धोक्याचे ठरते. उजवा खांदा वर जात नसेल तर विळा, कुऱ्हाड व ट्रॅक्टरचे सुकाणू चालत नाही. डॉक्टरांना ही कामे प्रत्यक्ष सांगावीत व तपासणीच्या कागदावर त्यांचा उल्लेख करण्याची विनंती करावी. केवळ प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही. उपचार करणाऱ्या किंवा अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदविणे आवश्यक असते.

हिशेबाची रीत

वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात व आलेल्या रकमेवर कमाईतील घटीची टक्केवारी लावतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवून दिलेले गुणक असे आहेत :

१५ ते २५ वर्षे – १८
२६ ते ३० वर्षे – १७
३१ ते ३५ वर्षे – १६
३६ ते ४० वर्षे – १५
४१ ते ४५ वर्षे – १४
४६ ते ५० वर्षे – १३
५१ ते ५५ वर्षे – ११
५६ ते ६० वर्षे – ९
६१ ते ६५ वर्षे – ७
६५ वर्षांपुढे – ५

याशिवाय पुढील काळात उत्पन्न वाढले असते, म्हणून स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याच्या उत्पन्नात चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० वयात २५ टक्के व ५० ते ६० वयात १० टक्के वाढ धरावी, असे २०१७ च्या निकालाने ठरले आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४२ वर्षांच्या बागायतदाराचा पाय मोडला. शरीराच्या मानाने अपंगत्व २० टक्के आले.

(अ) कागदपत्रे नाहीत. न्यायाधिकरणाने उत्पन्न महिना ८,००० रुपये धरले. २५ टक्के वाढीसह १०,००० रुपये. वर्षाचे १,२०,००० रुपये. गुणक १४. एकूण १६,८०,००० रुपये. त्याचे २० टक्के म्हणजे ३,३६,००० रुपये.

(ब) दुधाची बिले, हिशेबपट्ट्या व मजुरी वही दिली. उत्पन्न महिना १२,००० रुपये मान्य झाले. डॉक्टर व सालगड्याच्या साक्षीवरून कामातील घट ४० टक्के मानली गेली. वाढीसह १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,००० रुपये. १४ ने गुणून २५,२०,००० रुपये. त्याचे ४० टक्के म्हणजे १०,०८,००० रुपये.

पाय तोच, अपघात तोच. वही व साक्ष यांनी रक्कम तिप्पट झाली.

याखेरीज पुढील बाबींची स्वतंत्र मागणी करावी : उपचार व औषधे, प्रवास, पोषक आहार, सोबतीला राहणाऱ्या माणसाचा खर्च, उपचारकाळात बुडालेले संपूर्ण उत्पन्न, पुढे सळई काढण्यासारख्या शस्त्रक्रियेचा खर्च, शारीरिक वेदना आणि जीवनातील सुखसोयींना मुकावे लागणे.

बैल, गाडी व दुचाकीचे नुकसान

बैल मेला किंवा गाडी मोडली, तर त्या मालमत्तेची भरपाईही याच न्यायाधिकरणाकडे मागता येते. मृत जनावराची पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवपरीक्षा करून घ्यावी. पंचनाम्यात बैलाचे वय, दात व अंदाजे किंमत यावी. खरेदीची पावती व कानातील बिल्ल्याचा क्रमांक जपावा. जखमी बैल कामातून गेला असेल तर तसा पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा.

मालासोबत ट्रकमधून जाताना

कांदा, टोमॅटो किंवा भाजीपाला घेऊन अनेक शेतकरी भाड्याच्या ट्रकमधूनच बाजाराला जातात. या ट्रकला अपघात झाल्यास विमा कंपनी कोणाला भरपाई देते, याचा नियम वेगळा आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात येतो. माल नसताना केवळ प्रवासी म्हणून मालट्रकमध्ये बसलेल्याला ते मिळत नाही. २००३ च्या निकालाने ही गोष्ट पक्की झाली. मालाचा मालकदेखील चालकाच्या केबिनमध्ये बसलेला असावा, असे न्यायालयाने म्हटले आहे.

म्हणून गोणींवर बसून प्रवास करू नये. निघण्यापूर्वी मालाची नोंद, गोण्यांची संख्या व शेतकऱ्याचे नाव असलेली वाहतूक चिठ्ठी घ्यावी आणि तिचा फोटो घरी पाठवावा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणाऱ्याचीही हीच अडचण होते.

ट्रक सापडलाच नाही तर

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये व मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी अपघात झालेल्या भागातील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा. पुढे ट्रक सापडून दुसरी भरपाई मिळाल्यास ही रक्कम परत करावी लागते.

नेहमीच्या हरकती

"चूक शेतकऱ्याचीच होती" ही पहिली हरकत. दोन्हीकडून चूक ठरल्यास तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. बैलगाडी व ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या, दुचाकीला चालू दिवे व डोक्यावर हेल्मेट असल्यास जीवही वाचतो आणि या हरकतीतील जोरही जातो. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही, कारण येथे पुराव्याची कसोटी तेवढी कडक नसते.

"चालकाकडे योग्य परवाना नव्हता" ही दुसरी हरकत. अशा प्रकरणात विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत व नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. ७,५०० किलोपर्यंतच्या लहान मालवाहू वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निर्णय घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. ट्रकचा विमाच नसेल तर मालक स्वतः जबाबदार राहतो व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

वकील, लोकअदालत व शासकीय योजना

महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. वकिलाची फी आधी लेखी ठरवावी. कोऱ्या कागदावर वा धनादेशावर सही देऊ नये.

लोकअदालतीत दावा लवकर मिटतो. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरील पद्धतीने आपला हिशेब मांडूनच आकडा मान्य करावा. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही, तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते.

महाराष्ट्रात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत अपघाताने एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास एक लाख रुपये, तर दोन अवयव निकामी झाल्यास किंवा मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी व कुटुंबातील एक सदस्य यांना ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावा. न्यायाधिकरणातील दाव्याची वाट पाहत ही मुदत दवडू नये.

थोडक्यात

१) अपघाताची खबर व दवाखान्यातील नोंद पहिल्याच दिवशी खरी व स्पष्ट करावी.
२) अपंगत्व ठरेपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही करू नये.
३) तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत व न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा.
४) दूध बिले, हिशेबपट्ट्या, पीक पाहणी व मजुरी वही जपावी.
५) कोणती शेतीकामे आता होत नाहीत, हे डॉक्टरांच्या कागदावर व साक्षीत आणावे.
६) मालासोबत जाताना केबिनमध्ये बसावे व वाहतूक चिठ्ठी घ्यावी.

आपल्या ट्रॅक्टर, ट्रॉली व टेम्पोचा विमा चालू आहे का, हेही आजच पाहावे. उद्या आपल्या वाहनाने कोणाला इजा झाली, तर विम्याअभावी ती भरपाई जमिनीवर येते. मजुरी वही व दुधाची बिले वर्षभर नीट ठेवण्याची सवय प्रत्येक शेतकरी कुटुंबाने लावून घ्यावी. पिकाचा नफा-तोटा काढण्यास तिचा उपयोग होतोच. दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर घरधन्याच्या किंवा घरधनिणीच्या कष्टाची किंमत हीच वही न्यायालयात सांगते.